परक्या देशाची रीत जाणणारे संत गोन्सालो गार्सिया

दरवर्षी ६ फेब्रुवारी रोजी ख्रिस्तसभा जपानच्या रक्तसाक्ष्यांचे स्मरण करते. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथील निशिझाका टेकडीवर २६ जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी भोसकण्यात आले. त्यांच्यामध्ये आपल्या महाराष्ट्राच्या भूमीत, वसई येथे जन्मलेले गोन्सालो गार्सिया हे होते. भारतात जन्मलेले पहिले संत म्हणून आपण त्यांचा गौरव करतो. त्यांच्या बलिदानाची कथा आपल्यापैकी अनेकांनी बालपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकलेली असते. परंतु त्या बलिदानापूर्वी वसईचा हा सुपुत्र जपानी लोकांमध्ये कसा राहिला, त्यांची भाषा व रीतभात त्याने कशी आत्मसात केली, याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. प्रस्तुत लेखात त्यांच्या जीवनाच्या या बाजूचा परिचय करून देण्याचा प्रयत्न केला आहे.

आपल्या नागपूरच्या जरीपटका परिसरातील वाचकांना हा विषय दूरचा वाटू नये. फाळणीनंतर येथे स्थायिक झालेली सिंधी कुटुंबे, शेजारच्या इंदोऱ्यातील बौद्ध बांधव, मराठी व हिंदी भाषिक आणि निरनिराळ्या प्रांतांतून आलेले ख्रिस्ती भाविक एकमेकांच्या शेजारी राहतात. दुसऱ्याच्या घरी कसे जावे, कसे बसावे, काय बोलावे आणि काय बोलू नये, हा प्रश्न येथे रोजचाच आहे.

वसईचे बालपण

१५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात आली. पुढे तेथे बळकट कोट, चर्च व मठ उभे राहिले. संत फ्रान्सिस झेवियर यांनीही वसईला भेट दिली होती. अशा या नगरात १५५६-५७ च्या सुमारास गोन्सालो यांचा जन्म झाला. त्यांचे वडील पोर्तुगीज होते, तर आई येथील स्थानिक स्त्री होती. वसईच्या येशूसंघीय धर्मगुरूंकडे त्यांचे शिक्षण झाले. दोन संस्कृतींच्या घरात वाढणाऱ्या मुलाला एक गोष्ट लहानपणीच उमगते, ती म्हणजे एकाच घरात एका बाजूला शिष्ट मानली जाणारी वागणूक दुसऱ्या बाजूला उद्धट ठरू शकते. पुढील आयुष्यात या जाणिवेचा त्यांना उपयोग झाला असावा, असे मानण्यास जागा आहे.

वयाच्या अवघ्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी, म्हणजे १५७२ च्या सुमारास, येशूसंघीय धर्मगुरूंच्या सोबतीने ते जपानला गेले.

आधीच्या चुका व त्यांतून मिळालेले धडे

गोन्सालो जपानमध्ये पोहोचले तेव्हा तेथील मिशनकार्याला जेमतेम दोन तपे होत आली होती. १५ ऑगस्ट १५४९ रोजी संत फ्रान्सिस झेवियर कागोशिमा बंदरात उतरले. मलाक्का येथे भेटलेला व गोव्यात बाप्तिस्मा घेतलेला अंजिरो नावाचा जपानी गृहस्थ त्यांच्यासोबत दुभाषा म्हणून होता. तथापि अंजिरोचे धार्मिक ज्ञान मर्यादित होते. त्याच्या सांगण्यावरून झेवियर यांनी परमेश्वरासाठी दाइनिची हा शब्द योजला. तो शब्द जपानमधील एका बौद्ध पंथाच्या महावैरोचन बुद्धाचे नाव होता. त्या पंथाचे भिक्षू आनंदित झाले, कारण परदेशी पाहुणे आपलाच उपदेश करीत आहेत असे त्यांना वाटले. चूक ध्यानात येताच झेवियर यांनी तो शब्द सोडला आणि परमेश्वरासाठी लॅटिन नाव वापरण्यास प्रारंभ केला.

दुसरी अडचण वेशभूषेची होती. गरिबीचे व्रत पाळणारे झेवियर जीर्ण वस्त्रांत, रिकाम्या हाताने हिंडत. युरोपात अशा साधूला मान मिळे. जपानच्या राजधानीत, मियाको येथे, म्हणजे आजच्या क्योतो शहरात, त्यांना सम्राटाची भेट मिळू शकली नाही. भेटवस्तू न घेता थोरांच्या दारी जाणे तेथे रीतीला सोडून होते. १५५१ मध्ये यामागुची येथील सरदाराकडे ते दुसऱ्यांदा गेले, तेव्हा त्यांनी उंची वस्त्रे परिधान केली होती, गोव्याहून आणलेली अधिकारपत्रे सोबत घेतली होती आणि घड्याळासारख्या अपूर्व भेटी दिल्या होत्या. यावेळी सरदाराने त्यांना उपदेशाची परवानगी दिली. दोन्ही भेटींमध्ये झेवियर तेच होते, त्यांची शुभवार्ताही तीच होती. दुसऱ्या खेपेस त्यांनी यजमानाच्या रीतीला मान दिला होता.

तरुण गोन्सालोंची शाळा

गोन्सालो सुमारे आठ वर्षे येशूसंघीयांचे साहाय्यक म्हणून जपानमध्ये राहिले. धर्मशिक्षण देणे, प्रवासात सोबत करणे, बोलणे भाषांतरित करणे अशी कामे असे साहाय्यक करीत असत. या काळात त्यांनी जपानी भाषेवर उत्तम प्रभुत्व मिळविले.

हे सोपे नव्हते. मराठीत आपण तू, तुम्ही आणि आपण असा भेद करतो. जपानी भाषेत समोरच्या माणसाच्या दर्जाप्रमाणे क्रियापदांची रूपेच बदलतात. स्वतःविषयी बोलताना नम्र रूप आणि दुसऱ्याविषयी बोलताना आदराचे रूप वापरावे लागते. अर्थ बरोबर असूनही रूप चुकले, तर अपमान होऊ शकतो. त्यामुळे केवळ शब्द पाठ करून भागत नाही. कोण कोणापेक्षा वडील, कोणाचा मान मोठा, कोणी आधी बसायचे, हे सारे ठाऊक असावे लागते.

त्या वेळी जपानमधील येशूसंघीयांचे प्रमुख फ्रान्सिस्को काब्राल हे होते. जपानी लोकांनी युरोपीय रीत शिकावी, युरोपीय धर्मगुरूंनी जपानी रीतीपुढे नमू नये, असा त्यांचा कल होता. जपानी भाषा नीट शिकणे परदेशी माणसाला जवळजवळ अशक्य आहे, असे त्यांचे मत होते. परिणामी संघातील जपानी बांधव दुखावले गेले होते आणि बाहेरचे प्रतिष्ठित लोक या परदेशीयांना असंस्कृत समजत होते.

तेव्हाच्या युरोपीयांच्या व जपान्यांच्या चालीरीती एकमेकींच्या किती उलट होत्या, याची टिपणे लुईस फ्रोईश या येशूसंघीय धर्मगुरूंनी १५८५ मध्ये लिहून ठेवली. युरोपीय मनुष्य आदर दाखविण्यासाठी डोक्यावरील टोपी काढी, जपानी मनुष्य पायांतील पादत्राणे काढी. युरोपीय उभा राहून पाहुण्याचे स्वागत करी, जपानी बसून करी. युरोपात शोकाचा रंग काळा, जपानमध्ये पांढरा. युरोपीय हातांनी जेवत, जपानी दोन काड्यांनी जेवत.

ही यादी वाचताना भारतीय वाचकाला वेगळाच अनुभव येतो. उंबरठ्यावर पादत्राणे काढणे, जमिनीवर चटईवर बसणे, भात हे मुख्य अन्न असणे, पांढऱ्या वस्त्राचा शोकाशी संबंध असणे, या गोष्टी आपल्याला परक्या नाहीत. वसईच्या या तरुणालाही जपानी घराचा उंबरठा युरोपीय सोबत्यांइतका अवघड वाटला नसावा.

वालिन्यानो यांचे नियम

२५ जुलै १५७९ रोजी आलेस्सांद्रो वालिन्यानो हे येशूसंघाचे निरीक्षक म्हणून जपानमध्ये आले. ते मूळचे इटलीतील, परंतु पूर्वेकडील त्यांच्या कार्याचे केंद्र गोवा होते. पुढे १५८३ ते १५८७ या काळात भारतातील संघप्रांताचे प्रमुखपदही त्यांनी सांभाळले. जपानमधील परिस्थिती पाहून त्यांनी काब्राल यांची पद्धत नाकारली. काब्राल लवकरच त्या पदावरून दूर झाले.

१५८१ मध्ये वालिन्यानो यांनी जपानी रीतिरिवाजांविषयी सात प्रकरणांची एक मार्गदर्शिका तयार केली. परदेशी माणसाने जपानमध्ये कोणत्या चुका टाळाव्यात, याचे हे बहुधा पहिलेच सविस्तर पुस्तक असावे. कोणत्या दर्जाच्या पाहुण्याला कसे अभिवादन करावे, त्याला निरोप देताना कुठवर पोहोचवावे, साकेचा प्याला कसा द्यावा व कसा घ्यावा, कोणती भेट कोणाला साजेशी ठरते, हे सर्व त्यात आले. धर्मगुरूंच्या निवासात जपानी पद्धतीची बैठकीची खोली व चहाची जागा असावी, पाहुणा आला की त्याला विधिपूर्वक चहा मिळावा, असे ठरले. घराची व जेवणाची जागा स्वच्छ असावी, गुरेडुकरे मारण्याचा युरोपीय परिपाठ निवासात नसावा, रागाच्या भरात आवाज चढवू नये, असेही नियम होते.

ख्रिस्ती धर्मगुरूंचे दर्जे झेन मठांतील दर्जांच्या धर्तीवर ओळखले जावेत, ही त्यांची सूचना रोममधील वरिष्ठांना खटकली व पुढे ती सौम्य करण्यात आली. रीतीचा मान राखताना कुठवर जावे, हा प्रश्न तेव्हाही वादाचा होता. पण मूळ विचार टिकला. पाहुणा यजमानाच्या घरी यजमानाच्या रीतीने वागतो, आणि शुभवार्ता घेऊन जाणारा मनुष्य प्रथम पाहुणा असतो, असा तो विचार होता.

या मताचे फळ पुढे दिसले. परदेशी धर्मगुरूंनी देश सोडावा अशी आज्ञा १५८७ मध्ये जपानचे सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी यांनी काढली होती. तरीही १५९१ मध्ये गोव्याच्या व्हाइसरॉयचे राजदूत म्हणून आलेल्या वालिन्यानो यांना त्यांनी सन्मानाने भेट दिली. त्या प्रसंगी जुवांव रॉड्रिग्ज हे येशूसंघीय दुभाषे होते. तेही गोन्सालोंप्रमाणे किशोरवयातच जपानमध्ये आले होते. पुढे त्यांनी जपानी भाषेचे विस्तृत व्याकरण लिहिले.

बंद झालेले दार आणि उघडलेला मार्ग

येशूसंघात प्रवेश मिळावा, ही गोन्सालो यांची मनापासूनची इच्छा होती. ती पूर्ण झाली नाही. काही काळानंतर ते मिशनच्या कामातून बाहेर पडले आणि व्यापारात शिरले. जपानी भाषा व चालीरीती जाणणाऱ्या व्यापाऱ्याला पूर्वेकडील बंदरांत यश मिळणे स्वाभाविक होते. त्यांचा व्यापार चांगला चालला. तथापि त्यांचे मन त्यात रमले नाही. फिलिपिन्समधील मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघीयांच्या संपर्कात आले आणि व्यापार सोडून त्या संघात बंधू म्हणून दाखल झाले.

१५९३ मध्ये फिलिपिन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरने पेद्रो बाउतिस्ता या फ्रान्सिस्कन धर्मगुरूंना राजदूत म्हणून हिदेयोशींकडे पाठविले. त्यांच्यासोबत बंधू गोन्सालो दुभाषे म्हणून गेले. ही कामगिरी नाजूक होती. फिलिपिन्सने आपली अधीनता मान्य करावी, अशी हिदेयोशींची मागणी होती. मैत्री हवी, पण मांडलिकत्व नको, हा गव्हर्नरचा पक्ष होता. एका बलाढ्य सत्ताधीशाला नकार द्यायचा, पण त्याचा अपमान होऊ द्यायचा नाही, हे काम प्रत्यक्षात दुभाष्याच्या जिभेवर येऊन पडले होते. हिझेन प्रांतातील नागोया किल्ल्यात ही भेट झाली. तिचे फलित असे की हिदेयोशींनी फ्रान्सिस्कनांना जपानमध्ये राहू दिले आणि त्यांना क्योतोमध्ये जागा मिळाली.

रीतीची मर्यादा

क्योतोमध्ये फ्रान्सिस्कनांनी चर्च व मठ बांधला आणि रुग्णालये उघडली. तेथे प्रामुख्याने कुष्ठरोग्यांची शुश्रूषा होई. गोन्सालो धर्मशिक्षण देत, भाषांतर करीत आणि रुग्णांची सेवा करीत.

येथे आपल्या विषयाला एक महत्त्वाचे वळण मिळते. त्या काळच्या जपानमध्ये कुष्ठरोग्यांचा स्पर्श अशुद्ध मानला जाई. त्यांच्यात वावरणाऱ्या माणसाची प्रतिष्ठा उच्चवर्गीयांच्या नजरेत घसरत असे. पूर्वी फुनाई येथे येशूसंघीयांनी चालविलेल्या रुग्णालयाबाबत हाच अनुभव आला होता. निव्वळ शिष्टाचार पाळायचा म्हटले, तर रोग्यांपासून दूर राहणे सोयीचे होते. गोन्सालोंना ही रीत अज्ञात होती, असे म्हणता येणार नाही. इतकी वर्षे तेथे राहिलेला माणूस ती पुरती जाणून होता. जाणूनच त्यांनी ती ओलांडली, कारण पुढ्यात माणूस वेदनेने पडलेला होता.

अज्ञानाने मोडलेली रीत आणि प्रेमापोटी मोडलेली रीत यांत मोठा भेद आहे. पादत्राणांसह चटईवर चढणारा परदेशी यजमानाला तुच्छ लेखतो, मग त्याच्या मनात तसे नसले तरी. कुष्ठरोग्याच्या जखमा धुणारा परदेशी कोणालाच तुच्छ लेखत नाही. इतर सर्व बाबतींत जो यजमानाची रीत पाळतो, त्याने एखादी रीत मोडली तर पाहणाऱ्याला थांबून त्यामागचे कारण शोधावेसे वाटते. ज्याने कधीच कोणती रीत पाळली नाही, त्याच्या कृतीकडे मात्र उद्धटपणा म्हणूनच पाहिले जाते.

फ्रान्सिस्कनांची उघड धर्मसेवा येशूसंघीयांना धोक्याची वाटत होती. १५८७ ची आज्ञा रद्द झालेली नव्हती, म्हणून शांतपणे काम करावे, असा त्यांचा सल्ला होता. दोन्ही संघांत यावरून मतभेद झाले. दोन्ही बाजूंना श्रद्धावान माणसे होती, हे आज आपण समजून घेतले पाहिजे. एकाच टेकडीवर दोन्ही संघांच्या सदस्यांनी प्राण दिले.

बेसावध शब्द आणि नागासाकीची वाट

ऑक्टोबर १५९६ मध्ये मनिलाहून मेक्सिकोकडे निघालेले सान फेलिपे हे मोठे स्पॅनिश जहाज वादळात सापडून जपानच्या तोसा किनाऱ्याला लागले. त्यावरील मौल्यवान माल जप्त झाला. तत्कालीन वृत्तांतांनुसार, जहाजावरील एका अधिकाऱ्याने जपानी अधिकाऱ्यांना स्पॅनिश साम्राज्याचा विस्तार नकाशावर दाखविला आणि धर्मगुरू आधी येतात व सैन्य मागून येते, अशा अर्थाचे उद्गार काढले. नेमके काय घडले, याविषयी त्या काळच्या लेखकांत मतभेद आहेत. जप्तीमागे मालाचा लोभही होता. परंतु यजमानाच्या भूमीवर बसून स्वतःच्या बळाची फुशारकी मारणे किती घातक ठरू शकते, हे या घटनेतून आजही सांगितले जाते.

डिसेंबर १५९६ मध्ये फ्रान्सिस्कनांना व त्यांच्या सहकाऱ्यांना अटक झाली. ३ जानेवारी १५९७ रोजी क्योतोमध्ये त्यांच्या डाव्या कानाचा भाग कापण्यात आला. नंतर त्यांना गाड्यांत बसवून शहरांतून फिरविले गेले आणि भर हिवाळ्यात नागासाकीपर्यंत चालविण्यात आले. ही वाटचाल सुमारे महिनाभर चालली. अटक झालेले २४ जण होते, वाटेत आणखी दोघांची भर पडली. अशा रीतीने ६ फ्रान्सिस्कन, ३ येशूसंघीय आणि १७ प्रापंचिक, असे २६ जण झाले. त्यांत लहान मुलेही होती.

परंपरा असे सांगते की, टेकडीवर पोहोचल्यावर गोन्सालो आपल्या क्रुसाकडे सर्वांच्या आधी पुढे झाले. येशूसंघीय बंधू पॉल मिकी यांनी क्रुसावरून आपल्याच देशबांधवांना त्यांच्याच भाषेत अखेरचा उपदेश केला आणि मारेकऱ्यांना क्षमा केली. गोन्सालो तेव्हा चाळीस वर्षांचे होते. जपानी भाषा पोटतिडकीने शिकलेल्या या परदेशी माणसाचा शेवट जपानी बांधवांच्या सोबतीने, एकाच रांगेत झाला. तेथे कोण यजमान आणि कोण पाहुणा, हा भेद उरला नव्हता.

१६२७ मध्ये पोप आठवे अर्बन यांनी त्यांना धन्य घोषित केले. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी या २६ जणांना संतपद बहाल केले. १९६२ मध्ये निशिझाका टेकडीवर त्यांचे स्मारक उभे राहिले. वसईजवळील गास येथील चर्च आणि वसईतील महाविद्यालय गोन्सालोंच्या नावाने ओळखले जाते.

आपल्यासाठी बोध

आज महाराष्ट्रातून अनेक तरुण शिक्षणासाठी व नोकरीसाठी जपानला जातात. त्यांना काही गोष्टी ठाऊक असाव्यात. घरात प्रवेशताना पादत्राणे दाराशी काढून ठेवावीत आणि तातामी या गवती चटईवर घरातल्या सपाताही घालून जाऊ नये. भाताच्या वाडग्यात काड्या उभ्या रोवू नयेत, कारण मृतासमोर ठेवलेल्या भाताची ती खूण आहे. एका काडीतून दुसऱ्या काडीत घास देऊ नये, कारण दहनानंतर अस्थी तशा उचलल्या जातात. ओळखपत्र दोन्ही हातांनी द्यावे व घ्यावे आणि ते वाचल्याशिवाय खिशात टाकू नये. आगगाडीत मोबाइलवर मोठ्याने बोलू नये. सार्वजनिक स्नानगृहात अंग बाहेर स्वच्छ धुऊन मगच कुंडात उतरावे. उपाहारगृहात बक्षिशी ठेवू नये. यांतील प्रत्येक नियमामागे दुसऱ्याला त्रास होऊ नये किंवा त्याच्या दुःखाची आठवण चाळवू नये, हीच भावना आहे.

परंतु बोध केवळ जपानला जाणाऱ्यांसाठी नाही. इंग्लंडहून गोव्यास आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी आपली भाषा शिकून १६१६ मध्ये क्रिस्तपुराण प्रसिद्ध केले. जरीपटक्याला लागून असलेल्या इंदोऱ्यात जपानहून आलेले भदंत सुरई ससाई यांनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात वास्तव्य केले आणि येथील लोकांचे जीवन आपलेसे केले. कामठीचे ड्रॅगन पॅलेस मंदिर १९९९ मध्ये जपानी सहकार्यातूनच उभे राहिले. परके लोक आपल्या दारी येऊन आपली रीत शिकतात, तेव्हा आपल्याला किती बरे वाटते! तेच समाधान आपण आपल्या शेजाऱ्याला देतो का, हा विचार प्रत्येक कुटुंबाने करावा. शेजाऱ्याच्या सणाला जाताना त्याच्या घरची रीत आधी विचारून घ्यावी, त्याच्या देवघरासमोर पादत्राणे काढावीत, तो ज्या नावाने हाक मारलेली पसंत करतो त्याच नावाने त्याला हाक मारावी. याने आपली श्रद्धा उणी होत नाही.

संत गोन्सालो यांनी परक्या देशाची रीत अनेक वर्षे विद्यार्थ्याच्या नम्रतेने शिकून घेतली, आणि जेव्हा प्रेमाने मागणी केली तेव्हा कुष्ठरोग्यांसाठी ती ओलांडली. या क्रमाने चालण्याची कृपा आपणा सर्वांना लाभो, हीच त्यांच्या मध्यस्थीने प्रभुचरणी प्रार्थना.